शूमाकरची ‘मोठी अपडेट’ आता बास करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या वेबसाइटवर, आणि खरं सांगायचं तर सगळ्याच मराठी पोर्टलवर, दर थोड्या दिवसांनी एक बातमी हमखास येते. हेडलाइन साधारण अशी की फॉर्म्युला वनचा जुना चॅम्पियन मायकल शूमाकर याच्या तब्येतीबद्दल मोठी अपडेट, चाहत्यांना धक्का. उघडून बघावं तर पहिल्या तीन पॅरात तो कोण, किती वेळा चॅम्पियन झाला, अपघात कधी झाला, मग मध्ये जाहिराती, आणि सगळ्यात खाली एक ओळ की त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी परदेशी पेपरला सांगितलं की परिस्थिती वाईट आहे. संपली बातमी. यात नवीन काय? काहीच नाही. २०१४ च्या सप्टेंबरनंतर त्याच्या घरच्यांनी तब्येतीबद्दल सविस्तर असं काहीही जाहीर केलेलं नाही, मग ही अपडेट येते कुठून हा साधा प्रश्न डेस्कवर कुणाला पडत नाही का?

मी पत्र लिहितोय ते चिडून लिहितोय हे आधीच सांगतो, पण फक्त चिडून नाही. काळजी आहे म्हणून लिहितोय आणि ती काळजी तुम्ही विकताय म्हणून लिहितोय.

मी कोल्हापूरचा. आमच्या गावाला गाड्यांचं वेड पहिल्यापासून, गो-कार्टिंगचा ट्रॅक इथं आहे, इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री पर्यंत जाऊन आला, त्यामुळे फॉर्म्युला वन म्हणजे मुंबई-पुण्याच्या पोरांचं फॅड असं आम्हाला कधी वाटलं नाही. २००० च्या आसपास युरोपातली रेस म्हटली की आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाच, स्टार स्पोर्ट्स, आणि ज्याच्या घरचा केबलवाला बरा त्याच्या घरी सगळी गँग. तेव्हा आमच्यात दोनच पक्ष होते, शूमाकरवाले आणि त्याचा प्रतिस्पर्धी मिका हक्किनेन याचे हक्किनेनवाले. मी लाल, म्हणजे फेरारीवाल्या शूमाकरच्या पक्षाचा. हक्किनेनवाल्यांना शूमाकर अजिबात आवडायचा नाही आणि त्यांच्याकडे कारणंही होती, १९९७ ला स्पेनमधल्या हेरेथला त्याने टायटलच्या शर्यतीतल्या विलनव्हच्या गाडीवर गाडी घातली आणि त्यापायी शूमाकरचं त्या वर्षीचं चॅम्पियनशिपमधलं स्थानच काढून घेतलं गेलं, हे काय कुणी विसरलेलं नाही. पण आज त्याच हक्किनेनवाल्यांपैकी एकजण मला दर २९ डिसेंबरला, म्हणजे त्याच्या अपघाताच्या तारखेला, मेसेज करतो, काय कळलं का रे काही. मी म्हणतो नाही. तो म्हणतो बरं. एवढंच बोलणं होतं आमचं.

कारण आम्ही त्याला जसा बघितलाय तसं बघितल्यावर माणूस सुटत नाही हो मनातून. १९९६ ला बार्सिलोनात पाऊस असा पडत होता की पुढची गाडी दिसत नव्हती आणि हा बाबा ती रडतखडत चालणारी फेरारी घेऊन दुसऱ्याच्या ४५ सेकंद पुढे. १९९८ ला हंगेरीत ट्रॅकच्या कडेला बसलेल्या फेरारीच्या रॉस ब्रॉनने रेडिओवर सांगितलं १९ लॅप आहेत, २५ सेकंद काढ, आणि याने काढले. १९९९ ला सिल्व्हरस्टोनला पाय मोडला, ऑक्टोबरमध्ये मलेशियात परत आला ते स्वतःसाठी नाही, टीममेट अर्व्हाइनला टायटल मिळावं म्हणून. २००० ला मोंझाला आयर्टन सेना या जुन्या चॅम्पियनच्या ४१ विजयांची बरोबरी झाल्यावर प्रेस कॉन्फरन्समध्ये हुंदके देऊन रडला, ज्याला लोक मशीन म्हणायचे तो. आणि महिन्याभरात सुझुकाला फेरारीचा २१ वर्षांचा दुष्काळ संपवला. २००५ ला इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीत फक्त सहा गाड्या धावल्या ती रेस याने जिंकली आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला, म्हणजे एका रेसच्या निकालात दोघांची नावं जवळजवळ आहेत, हे सांगताना अजून छाती फुगते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्सुनामीग्रस्तांसाठी त्याने एक कोटी डॉलर दिले होते. नंतर मर्सिडीजमधनं परत आला, पूर्वीचा राहिला नव्हता, तरी २०११ ला ग्रेटर नोएडाला आपल्या मातीवर पाचवा आलाच.

आणि मग २९ डिसेंबर २०१३. फ्रान्समधलं मेरिबेल, पोराबरोबर स्कीइंग, आखलेल्या वाटेच्या बाहेरचा बर्फ, बर्फाखाली दगड. डोक्यात हेल्मेट होतं तरी. ताशी ३०० ने गाडी चालवून इतकी वर्षं सुखरूप राहिलेला माणूस सुट्टीवर असताना पडला. ग्रेनोबलच्या हॉस्पिटलात दोन ऑपरेशन झाली, औषधं देऊन कोमात ठेवला. जूनमध्ये कोमातून बाहेर आला असं सांगून स्वित्झर्लंडला लोझानच्या हॉस्पिटलात हलवला, सप्टेंबरमध्ये घरी नेला, आणि तिथून पुढे दार बंद. ते बंद ठेवायचा निर्णय कोरिनाचा म्हणजे त्याच्या बायकोचा आणि घरच्यांचा.

आता हे जे दार बंद आहे त्याच्याबद्दल मला बोलायचंय.

पहिल्या आठवड्यात चाहत्यांनी काय केलं ते आठवा. ३ जानेवारी २०१४ ला त्याचा ४५ वा वाढदिवस होता, त्या दिवशी इटलीतनं वगैरे फेरारीचे चाहते ग्रेनोबलला आले, हॉस्पिटलच्या बाहेर लाल झेंडे घेऊन उभे राहिले. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, नुसते उभे. मला विचाराल तर चाहत्यांनी काळजी कशी करावी याचं त्याहून चांगलं उदाहरण मी बघितलेलं नाही. आणि त्याच हॉस्पिटलात त्याच दिवसांत एक पत्रकार पाद्री बनून, झगा घालून, त्याच्या खोलीपर्यंत जायला बघत होता! हे त्याच्या मॅनेजर साबिने केम यांनी स्वतः सांगितलंय. चार दिवसांत कोरिनाला जाहीर विनंती करावी लागली की मीडियाने हॉस्पिटल सोडावं, डॉक्टरांना काम करू द्यावं, आम्हाला सोडावं. नवरा आत बेशुद्ध आणि ही बाई बाहेर कॅमेऱ्यांना हात जोडतेय.

पुढचं तर त्याहून वाईट. जून २०१४ ला त्याची मेडिकल फाइल चोरीला गेली आणि वेगवेगळ्या देशांतल्या पेपरवाल्यांना विकायला काढली गेली. तपास झुरिकच्या एका हेलिकॉप्टर कंपनीपर्यंत गेला, संशयित म्हणून एका कर्मचाऱ्याला पकडलं, त्याने आरोप नाकारला, आणि ऑगस्टमध्ये तो कोठडीत मृत सापडला. एका पेशंटच्या कागदांपायी कुठल्या थराला गेलं बघा प्रकरण. २०१५ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या ‘बुंटे’ साप्ताहिकाने छापलं की शूमाकर पुन्हा चालायला लागला. आम्ही इकडे पेढे वाटायचे बाकी राहिलो होतो. ते खोटं निघालं, घरचे कोर्टात गेले, साप्ताहिकाला ५० हजार युरो भरावे लागले. २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘डी आक्टुएले’ या तिथल्याच साप्ताहिकाने कव्हरवर त्याचा हसरा फोटो आणि पहिली मुलाखत असं छापलं, आत उत्तरं सगळी एआयने बनवलेली! संपादिकेला काढलं, प्रकाशकाने माफी मागितली, घरच्यांना २ लाख युरो भरपाई मिळाली. आणि २०२४ ला तर घरच्याच जुन्या सिक्युरिटी गार्डसकट तिघांवर खटला, खासगी फोटो-व्हिडिओ इंटरनेटवर टाकू म्हणून १.५ कोटी युरोंची मागणी. फेब्रुवारी २०२५ ला वुपरटालच्या कोर्टाने मुख्य आरोपीला तीन वर्षांची शिक्षा दिली.

हे सगळं वाचल्यावर कुणी मला म्हणावं की घरचे इतकं का लपवतात बुवा.

आता आपल्याकडे लोकांना हे का पटत नाही तेही मला कळतं. आपल्यात आजारी माणसाला बघायला जाणं हे कर्तव्य आहे. नाही गेलं तर दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं, आमच्या बाबांच्या वेळी तुम्ही फिरकला नाहीत. मग नारळपाणी घेऊन, सफरचंदं घेऊन, अख्खं कुटुंब रिक्षात घालून लोक जातात, आणि आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून बारीक आवाजात विचारतात, डॉक्टर काय म्हणतात? नक्की काय झालंय? ओळखतो का? यात वाईट हेतू नसतो, मी स्वतः जातो, मला ते बरंही वाटतं. पण आमच्या गल्लीत एका पोराला बाइकवरनं पडून डोक्याला मार लागला होता, दीड-दोन महिने हॉस्पिटल, मग घरी. त्याच्या आईने पहिले काही दिवस सगळ्यांना सगळं सांगितलं, आज डोळे उघडले, आज बोट हलवलं. लोक ते ऐकून घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचारायचे, मग आता उठून बसला असेल ना? नसेल बसला तर तोंड पाडायचे. एका संध्याकाळी त्या बाईने दाराला आतनं कडी घातली आणि नंतर महिनोन्‌महिने फक्त एकच उत्तर दिलं, बरा आहे. कोण का असेना, बरा आहे. गल्लीत तिला आढ्यताखोर म्हणाले. मला तेव्हापासून कोरिनाबद्दल एक शब्द वाकडा बोलवत नाही.

आणि डोक्याच्या दुखापतीचं असं आहे की ‘बरा झाला का’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. हाड मोडलं तर प्लास्टर निघतं आणि माणूस चालतो. मेंदूला सूज आली की डॉक्टर औषधांनी झोपवून ठेवतात, कधी तापमानही मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे मेंदूचं काम कमी होऊन सूज उतरायला वाव मिळावा. नंतर ती औषधं हळूहळू कमी करत जागं करायचं, आणि जागा झाला म्हणजे सिनेमातल्यासारखं डोळे उघडून मैं कहाँ हूँ असं होत नाही. कुणी नजरेने ओळखतो पण बोलत नाही, कुणी बोलतो पण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, कुणी आज दोन शब्द बोलला आणि पुढचा महिनाभर काहीच नाही. ग्रेनोबलहून हलवायच्या आधी एप्रिलमध्ये त्याच्या मॅनेजरनी सांगितलं होतं की शुद्धीवर आल्याचे काही क्षण दिसतात. क्षण म्हटलं होतं. आपल्याकडे हेडलाइन काय झाली, शूमाकर शुद्धीवर. दोन्हीत केवढं अंतर आहे ते ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याला विचारा. आणि अशी घरं महाराष्ट्रात कमी नाहीत संपादकसाहेब, २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्ते अपघातांत गेली, जी वाचली त्यातली किती डोक्याला मार लागून अंथरुणावर आहेत त्यांची अपडेट कुणी छापत नाही, ते एक वेगळंच.

कुणी म्हणेल सगळ्याच रेसर्सच्या घरचे असं करत नाहीत. बरोबर आहे, नाही करत. २०१४ च्या ऑक्टोबरात सुझुकाला पावसात ज्यूल बियांकी क्रेनवर आदळला, त्याच्या घरच्यांनी थोड्याच दिवसांत दुखापतीचं नाव, तिचं गांभीर्य सगळं जाहीर केलं, त्याच्या वडिलांनी पुढच्या जुलैत मुलाखतीत सरळ सांगितलं की आता आशा कमी होत चाललीय, आणि त्याच महिन्यात तो गेला. जर्मनीतल्या नूर्बुर्गरिंग ट्रॅकची राणी म्हणायचे ती साबिने श्मिट्स, २४ तासांची रेस १९९६ आणि ९७ दोन्ही वर्षं जिंकणारी, तिने २०२० च्या जुलैत स्वतः फेसबुकवर लिहिलं की २०१७ पासून कॅन्सरशी झगडतेय, आत्ता परत उलटलाय, या सीझनला येत नाही. किती साधेपणाने सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये ती गेली आणि सप्टेंबरात त्या ट्रॅकच्या पहिल्या वळणाला तिचं नाव दिलं. निकी लाउडाचं तर काय सांगावं, १९७६ ला जळालेल्या गाडीतून ओढून काढलेला, हॉस्पिटलात पाद्रीने शेवटचे विधीसुद्धा उरकलेले, सहा आठवड्यांत मोंझाला हजर आणि चौथा! दोन किडन्या बदलल्या, २०१८ ला व्हिएन्नात फुप्फुसं बदलली, आणि त्याच्या आजाराबद्दल सगळ्या पॅडॉकला, म्हणजे ट्रॅकवरच्या टीमवाल्यांना, माहीत असायचं कारण त्याचा स्वभावच असा की विचाराल ते तोंडावर सांगणार. २०१९ च्या मेमध्ये तो गेल्यावर त्याच आठवड्यात मोनाकोला सगळीकडे त्याच्यासारख्या लाल टोप्या.

म्हणजे सांगणारे सांगतात. पण ते त्यांनी सांगितलंय, किंवा त्यांच्या आईबापांनी. शूमाकर स्वतः करिअरभर घरच्या गोष्टी बाहेर आणत नव्हता, मुलं लहान असताना त्यांचे फोटो काढू द्यायचा नाही, पोरगा मिक कार्टिंग करायचा तेव्हा आईच्या माहेरच्या आडनावाने धावायचा. २०१९ च्या जानेवारीत त्याची पन्नाशी झाली त्याच्या आधी घरच्यांनी निवेदन काढलं त्यात हेच होतं, की तो चांगल्या हातांत आहे आणि तब्येतीसारखी गोष्ट खासगी ठेवून आम्ही त्याच्याच मनासारखं करतोय. २०२१ च्या डॉक्युमेंटरीत कोरिना एवढंच म्हणाली की मायकल इथेच आहे, पहिल्यापेक्षा वेगळा आहे पण आहे. आणि मिक म्हणाला की आता बाबांशी रेसिंगबद्दल बोलता आलं असतं तर त्यासाठी मी काहीही दिलं असतं. मला सांगा, एवढ्यावरनं ज्याला समजायचं त्याला समजत नाही? अजून कसला रिपोर्ट पाहिजे, एमआरआयची फिल्म पाहिजे?

आमच्या ग्रुपमध्ये यावर भांडणं होतात. एकाचं म्हणणं की तो पब्लिक फिगर आहे, आमच्या जिवावर मोठा झाला, आम्हाला हक्क आहे. मी म्हणतो तिकिटाचे पैसे रेस बघायचे दिले होते आपण, आणि ९१ वेळा ती जिंकून त्याने ते फेडलेत, हिशोब मिटला. दुसऱ्याचं म्हणणं जरा बरं आहे, तो म्हणतो की घरच्यांनी वर्षातनं एकदा दोन ओळी लिहिल्या तर या अफवाच बंद होतील. मलाही आधी ते पटायचं. पण बघा ना, २०१४ ला दोन ओळी दिल्या त्याचं काय केलं लोकांनी, एका ओळीचे दहा अर्थ आणि दहा अर्थांच्या शंभर बातम्या. २०२४ ला त्याच्या मुलीचं स्पेनमध्ये लग्न झालं, पाहुण्यांचे फोन आधीच काढून घेतले होते म्हणतात, तरी दुसऱ्या दिवशी बातमी की शूमाकर दहा वर्षांनी सगळ्यांसमोर आला. कुणी बघितलं? कुणीच नाही. भरवल्याने न भागणारी भूक आहे ही.

आणि तुमच्या बातमीखालच्या कमेंट तुम्ही कधी वाचता का? एवढे पैसे असून काय उपयोग झाला. कर्माची फळं. मशीन काढून टाका, सुटेल बिचारा. हा शेवटचा सल्ला सगळ्यात जास्त लाइक घेतो. अरे, कुठलं मशीन? कुणी सांगितलं मशीन आहे? पण बातमीसोबत फोटो लावलेला असतो एआयने बनवलेला, पांढरे केस, नाकात नळ्या, डोळे खोल गेलेले, कोपऱ्यात रडणारी बाई. मग लोक त्यालाच खरं धरणार ना. त्या फोटोखाली निदान काल्पनिक चित्र असं तरी लिहा. तेही लिहीत नाही कुणी. एक पोरगा आहे आमच्यातल्या एकाचा, दहावीत असेल, त्याने शूमाकरला धावताना कधी बघितलंच नाही, त्याला विचारलं शूमाकर माहितीये का तर म्हणाला हो, तो कोमातला. मला त्या दिवशी फार लागलं ते. सात वर्ल्ड टायटल आणि पोरांना माहिती काय, तर कोमातला.

काळजी दाखवायच्या चांगल्या तऱ्हा या खेळात पूर्वीपासून आहेत म्हणून मला जास्त वाईट वाटतं. गुन्नार नील्सन म्हणून एक स्वीडनचा पोरगा होता, लोटस टीममधनं १९७७ ची बेल्जियन ग्रां प्री जिंकला, आणि सीझन संपताना कॅन्सर निघाला. पुढच्या वर्षीची टीम ठरली होती, एकही रेस करू शकला नाही. १९७८ च्या सप्टेंबरात त्याचाच देशवासी रॉनी पीटरसन मोंझाच्या अपघातात गेला तर हा स्वतः इतका खंगलेला असताना त्याच्या अंत्ययात्रेला गेला. आणि उरलेल्या दिवसांत लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात कॅन्सर पेशंटसाठी निधी उभा करायचं काम करत बसला. ऑक्टोबरमध्ये गेला, तीस पण पूर्ण नव्हती. त्याच्या नावाने मोहीम चालली, चाहत्यांनी पैसे दिले, पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या ट्रॅकवर त्यासाठी गाड्या धावल्या. आत्ताचंच बघायचं तर जुने वर्ल्ड चॅम्पियन जॅकी स्ट्युअर्ट यांनी बायकोला डिमेन्शिया झाल्यावर त्या आजारावरच्या संशोधनासाठी संस्था काढली, आणि २०२५ ला तिच्यासाठी एका हेल्मेटवर हयात असलेल्या सगळ्या वर्ल्ड चॅम्पियन्सच्या सह्या घेतल्या. त्यावर शूमाकरची पण आहेत, एम आणि एस, दोन अक्षरं, कोरिनाच्या मदतीने केलेली. ही खरी बातमी होती बघा! इतक्या वर्षांत त्याच्याकडून आलेली पहिली गोष्ट म्हणा हवं तर. पण आपल्याकडे तीसुद्धा त्याच साच्यात आली, शूमाकरबद्दल मोठी अपडेट, हात हलला का? मी कपाळाला हात लावला.

तर मागणं काय आहे ते सांगतो आणि थांबतो, पत्र लांबलंय, काटछाट करणार असाल तर वरचं कुठलंही काटा पण हे राहू द्या.

घरच्यांनी किंवा त्यांच्या वतीने अधिकृतपणे कुणी बोललं तरच त्याच्या तब्येतीची बातमी करा. जवळच्या सूत्रांकडून, माजी सहकाऱ्याकडून, पॅडॉकमधल्या चर्चेतून, हे नको. यातल्या बहुतेकांनी त्याला वर्षानुवर्षं बघितलेलंसुद्धा नसतं, जे खरंच भेटतात ते फेरारीचे त्यावेळचे बॉस जाँ टोड यांच्यासारखे लोक आम्ही एकत्र बसून रेस बघतो यापलीकडे फार काही बोलत नाहीत. एआयचे हॉस्पिटलमधले फोटो काढून टाका, जुने लावलेत तेसुद्धा. कमेंटमध्ये त्याच्या मरणाची वाट बघणारे आहेत त्यांच्यासाठी कुणीतरी माणूस बसवा.

आणि २९ डिसेंबरला काही छापायचंच असेल, छापणार तुम्ही, मला माहितीये, तर त्याच्याऐवजी पाच दिवस थांबा. ३ जानेवारीला वाढदिवस असतो. त्या दिवशी बार्सिलोनाच्या पावसावर अर्धं पान द्या, नाहीतर २०२० ला नूर्बुर्गरिंगला हॅमिल्टनने ९१ विजयांची बरोबरी केली आणि मिकने बाबांचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं, तो फोटो टाका मोठा. लिहायला कुणी नसेल तर मला सांगा, फुकट लिहून देतो, हक्किनेनवाल्याकडून तपासून घेतो म्हणजे अतिशयोक्ती राहणार नाही.

ता. क. फॉर्म्युला वनचा निकाल सोमवारच्या अंकात क्रीडा पानाच्या तळाला, हवामानाच्या चौकटीशेजारी, अडीच ओळींत येतो. त्यातही मागच्या वेळी दुसरा कोण आला ते नव्हतं. शूमाकरच्या आजारपणाला जेवढी जागा देता त्याच्या निम्मी तिकडे दिली तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर